गाडी थरथरते म्हणजे गिअरबॉक्सच गेला का?

प्रश्न: पत्रलेखिकेची गाडी नऊ वर्षांची आहे. पेट्रोल, चार सिलिंडर, टॉर्क कन्व्हर्टरचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक, १ लाख १० हजार किलोमीटर झालेले. काही महिन्यांपासून ताशी ६०-७० च्या वेगात, हलक्या चढणीवर पाय अलगद ठेवलेला असताना, रंबलरवरून गेल्यासारखी गाडी दोन-तीन सेकंद थरथरते. पाय उचलला किंवा जोरात दाबला की थांबते. सिग्नलला डी मध्ये ब्रेकवर पाय ठेवून उभं राहिलं की सीट आणि स्टिअरिंग हलतं, न्यूट्रलला ते कमी होतं, आणि रिव्हर्स टाकताना ‘धप्’ असा आवाज येतो. ९० च्या पुढे स्टिअरिंगला हलकी थरथर असते. बॅटरी बदलल्यापासून दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना गचका बसतो. मध्ये एकदा पावसात डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकला. गॅरेजने तो ‘काढून दिला’. आता तेच गॅरेज म्हणतं की गिअरबॉक्स गेला, उघडावा किंवा बदलावा लागेल. दीर म्हणतात, नुसतं ऑइल बदला. शेजारी म्हणतात, एवढ्या चाललेल्या गिअरबॉक्सचं ऑइल बदललं तर तो कायमचा बसेल. आईला घेऊन लांबच्या दवाखान्यात जावं लागतं, त्यामुळे धास्ती आहे. ‘मला गाडीतलं काही कळत नाही. कुणाचं ऐकू? की कुणाला काही न सांगता गाडी विकूनच टाकू?’

उत्तर:

तुम्हाला गाडीतलं कळत नाही, हे मला मान्य नाही. वेग किती होता, चढ होता की सपाट, पाय कसा होता, पाऊस होता का, न्यूट्रलला काय फरक पडला, हे सगळं तुम्ही लिहिलं आहे. गाडी रोज ज्याच्या हाताखाली असते त्यालाच एवढं बारकाईने दिसतं. चांगला मेकॅनिक गिऱ्हाइकाला हेच प्रश्न आधी विचारतो. तुमच्या गॅरेजने ते विचारले का, हे पत्रात नाही. विचारले नसतील, तर ‘गिअरबॉक्स गेला’ हा अजून अंदाज आहे, निदान नव्हे.

पत्रात एक गोष्ट तुम्ही, दिरांनी, शेजाऱ्यांनी आणि गॅरेजनेही न बोलता धरून चालली आहे: ही सगळी लक्षणं एकाच दुखण्याची आहेत. मला तसं वाटत नाही. नऊ वर्षं आणि लाखभर किलोमीटर झाल्यावर प्लग, रबराचे भाग, टायर आणि ऑइल साधारण एकाच सुमाराला थकतात. चार लहान दोष एकदम जाणवायला लागले की माणसाला एकच मोठा दोष दिसतो. म्हणून आपण ही लक्षणं आधी सुटी करू.

सगळ्यात सोपं आधी. ९० च्या पुढे स्टिअरिंगला येणारी थरथर बहुधा चाकांची आहे. हे ओळखायला थोडा हिशोब उपयोगी पडतो. साधारण कारच्या चाकाचा घेर दोन मीटरच्या आसपास असतो. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साधारण साडेबारा फेरे घेतं. इंजिन त्याच वेळी मिनिटाला २,००० फेऱ्यांवर असेल तर ते सेकंदाला ३३ वेळा फिरत असतं, आणि चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोनदा इंधन पेटतं. त्यामुळे चाकाची थरथर संथ, हाताला डोलल्यासारखी लागते, आणि इंजिनाची गुणगुणल्यासारखी बारीक. त्याच वेगात गिअर सिलेक्टरने एक गिअर खाली घ्या. वेग तोच राहिला, इंजिनाचे फेरे वाढले आणि थरथर होती तशीच राहिली, तर ती चाकांकडून येते आहे. ती बदलली किंवा गेली, तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या बाजूला बघायचं. स्टिअरिंग जास्त हलत असेल तर सहसा पुढची चाकं, सीट हलत असेल तर मागची. व्हील बॅलन्सिंग करून घ्या आणि टायरवर कुठे फुगवटा आला आहे का ते हात फिरवून बघायला सांगा, कारण टायरच्या आतला पट्टा सुटला असेल तर बॅलन्सिंगने काही होत नाही. फक्त ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग धडधडत असेल तर मात्र ब्रेकच्या डिस्क बघायच्या.

सिग्नलला उभं असताना हलणं आणि रिव्हर्सचा ‘धप्’ आवाज यांत माझा पहिला संशय इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या माउंटिंगवर, म्हणजे त्यांना बॉडीला धरून ठेवणाऱ्या रबरी आधारांवर आहे. काही गॅरेजमध्ये याला फाउंडेशन म्हणतात. रबर कडक झालं किंवा फाटलं की इंजिनाची थरथर थेट बॉडीत येते. डी मध्ये ब्रेकवर उभं असताना इंजिन गाडी पुढे ढकलू पाहत असतं आणि ब्रेक तिला धरून ठेवतो, तो ताण माउंटिंगवर येतो. न्यूट्रलला ताण गेला की थरथर ओसरते. तपासणी मेकॅनिकसमोरच करा. बॉनेट उघडा, चाकांच्या पुढे-मागे दगड किंवा ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय घट्ट ठेवा आणि डी, एन, आर असं आलटून पालटून टाका. बघणाऱ्याने बाजूला उभं राहायचं, गाडीच्या पुढे किंवा मागे कधीही नाही. इंजिन उडी मारल्यासारखं हललं तर उत्तर मिळालं. काही माउंटिंगमध्ये आत तेल भरलेलं असतं. ते फुटलं की खाली काळसर ओघळ दिसतो. माउंटिंग ठीक निघालं तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) घाण झाली आहे का आणि इंजिन उभ्याउभ्या फारच कमी फेऱ्यांवर फिरतं आहे का, ते बघायला सांगा.

आता मुख्य गोष्ट. ६०-७० ला, चढणीवर, हलक्या पायाने येणारी थरथर. इथे गिअरबॉक्सवर संशय घेण्याला आधार आहे, म्हणून इथे मी जरा थांबतो.

तुमच्या गिअरबॉक्समध्ये इंजिन आणि गिअर यांच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात ताकद ऑइलमधून पोहोचते. पण ऑइलमधून जाताना थोडी ताकद वाया जाते, म्हणून गाडी एका वेगात स्थिरावली की आतला एक क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो. याला लॉक-अप म्हणतात. ऑइल जुनं झालं किंवा त्या क्लचचं अस्तर झिजलं, की तो सलग पकडण्याऐवजी पकड-सोड, पकड-सोड करतो, आणि गाडी अगदी तुम्ही वर्णन केलं तशी थरथरते. पाय उचलला किंवा जोरात दाबला की लॉक-अप सुटतो आणि थरथर थांबते. इथवर गॅरेजचं म्हणणं जुळतं.

पण अगदी याच वेळी, याच वेगात, इंजिनाचं मिसिंगही (एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकून इंधन न पेटणं) असंच जाणवतं, आणि त्यामागेही कारण आहे. वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, चढणीवर सिलिंडरमधला दाब जास्त असतो आणि त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगची फट झिजून रुंदावली असेल किंवा प्लगला वीज पुरवणारी कॉइल अशक्त झाली असेल तर ठिणगी पहिल्यांदा इथेच चुकते. त्यात लॉक-अप झालेला असला की मध्ये ऑइलची गादी उरत नाही, आणि चुकलेल्या प्रत्येक ठिणगीचा धक्का थेट चाकांपर्यंत जातो. पाय उचलला की इंजिनावरचा भार जातो; जोरात दाबला की गिअर खाली येतो, फेरे वाढतात, लॉक-अप सुटतो आणि मिसिंगही थांबल्यासारखं वाटतं. म्हणजे तुम्हाला जाणवलेली दोन्ही चिन्हं दोन्ही दोषांना लागू पडतात.

मेकॅनिक एक जुनी युक्ती वापरतात: थरथर चालू असताना ब्रेकच्या पेडलला नुसता स्पर्श करायचा. ब्रेकचा दिवा लागण्याइतकं पेडल दबलं की लॉक-अप सुटतो, आणि थरथर थांबली तर दोष लॉक-अपचा. ही तपासणी उपयोगी आहे, पण तिच्यावर एकटीवर निकाल देऊ नये. लॉक-अप सुटला की ऑइलची गादी परत मध्ये येते आणि मिसिंगचे धक्केही तीत मुरतात. शिवाय रस्त्यावर, मागे गाडी असताना, तुम्ही स्वतः हे करू नका.

माझं पारडं मिसिंगकडे झुकतं ते तुम्ही ओझरत्या लिहिलेल्या एका ओळीमुळे: पावसात इंजिनाचा दिवा लुकलुकला होता. हा दिवा सलग पेटणं आणि लुकलुकणं यांत मोठा फरक आहे. लुकलुकणारा दिवा बहुतेक गाड्यांत सांगतो की मिसिंग इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय आणि तो खराब होऊ शकतो. ओलाव्यात जुन्या कॉइलच्या रबरी टोपीतून वीज बाहेर गळते, म्हणून पाऊस. गॅरेजने तो दिवा ‘काढून दिला’ याचं मला वाईट वाटलं. दिव्यामागे गाडीने साठवलेला दोषाचा क्रमांक म्हणजे कोड. तो वाचणाऱ्या यंत्राने, स्कॅनरने, कोड पुसला की दोष जात नाही, दोषाची नोंद जाते. दोष आला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती गरम होतं, भार किती होता, ही जपलेली माहितीही त्याच बटणाने पुसली जाते. यापुढे कोड पुसण्याआधी तो लिहून घ्यायला सांगा, किंवा स्क्रीनचा फोटो काढा.

कोडही सगळे सारखे नसतात. पी०३०० म्हणजे कुठल्याही सिलिंडरमध्ये मिसिंग; पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये. पी०७४० आणि पी०७४१ लॉक-अपच्या क्लचबद्दल बोलतात, पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. पी०७०० दिसला की काही गॅरेजमध्ये लगेच ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणतात, पण तो एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये एखादा कोड साठला आहे, आत बघा. स्वस्त स्कॅनर बऱ्याचदा फक्त इंजिनाचा कंट्रोलर वाचतात. म्हणून विचारा: गिअरबॉक्सचा कंट्रोलर वाचला का?

मिसिंगची तपासणी साधी आहे. प्लग काढून बघायचे. एका सिलिंडरचा कोड आला, समजा पी०३०२, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपसात बदलायच्या. पुढच्या वेळी कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. इरिडियमचे टिकाऊ प्लगसुद्धा साधारण लाखभर किलोमीटरला बदलायचे असतात. तुमचे कधी बदलले याची नोंद नसेल तर बदलूनच टाका. त्यानंतरही थरथर राहिली तर स्कॅनर लावून, मेकॅनिकला शेजारी बसवून तोच चढ तुम्ही स्वतः चढा. गाडी तुमच्या पायाखाली जशी वागते तशी त्याच्या पायाखाली वागेलच असं नाही. त्याने स्क्रीनवर दोन गोष्टी बघायच्या: प्रत्येक सिलिंडरचं मिसिंग मोजणारा आकडा, आणि इंजिनाचे फेरे व गिअरबॉक्सच्या आत येणारे फेरे यांतला फरक. लॉक-अप नीट असेल तर हा फरक शून्याजवळ किंवा थोडासा पण स्थिर राहतो. थरथरीच्या क्षणी तो खाली-वर नाचला आणि मिसिंगचा आकडा शांत राहिला, तर गॅरेजचं बरोबर, दोष टॉर्क कन्व्हर्टरच्या क्लचमध्ये.

दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधल्या गचक्याकडे मी तूर्तास शेवटी बघेन. आधुनिक गिअरबॉक्स आपल्या क्लचच्या झिजेप्रमाणे दाब किती द्यायचा हे शिकत जातो. काही गाड्यांत बॅटरी काढली की हे शिकलेलं पुसलं जातं आणि काही दिवस गचके बसतात. तुमचा गचका बॅटरी बदलल्यापासूनच सुरू झाला, हा योग डोळ्याआड करण्यासारखा नाही. बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची जाड वायर घट्ट आहे का ते आधी बघा. मग काही दिवस शांतपणे, थांबत-सुटत आणि मोकळ्या रस्त्यावर अशी दोन्हीकडे गाडी चालवा, किंवा कंपनीच्या पद्धतीने स्कॅनरवरून शिकवण नव्याने करून घ्या. आणखी एक: गिअर बदलताना किती दाब द्यायचा हे गिअरबॉक्स इंजिनाच्या कंट्रोलरने कळवलेल्या ताकदीवरून ठरवतो. हवेचा सेन्सर घाण असेल किंवा इंजिन मिसिंग मारत असेल तर तो आकडाच चुकतो, आणि निरोगी गिअरबॉक्सही गचका देतो. म्हणून इंजिन दुरुस्त होण्याआधी या गचक्यावरून निकाल देऊ नका.

ऑइलबद्दल दीर आणि शेजारी दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. काही कंपन्या ‘आयुष्यभर ऑइल बदलायला नको’ म्हणतात, पण जगभरच्या अनेक गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी आपल्या गिअरबॉक्सचं ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते. तुमची गाडी या हिशोबात बसते. शेजाऱ्यांची भीतीही हवेतून आलेली नाही. अनेक लोक गिअरबॉक्स घसरायला (इंजिनाचे फेरे वाढूनही वेग न वाढायला) लागल्यावरच ऑइल बदलतात; क्लच तोवर झिजलेले असतात, जुन्या ऑइलमधल्या कणांवर कशीबशी पकड टिकलेली असते, आणि नव्या ऑइलवर गाडी बसते. मग दोष ऑइलच्या माथी येतो. तुमचा गिअरबॉक्स घसरत असल्याचं एकही लक्षण पत्रात नाही, म्हणून बदलायला मी हो म्हणेन. पण मशीनने दाब देऊन फ्लश करू नका. फक्त खालून काढायचं आणि तेवढंच भरायचं. यात बऱ्याच गाड्यांत तिसरा हिस्सा ते निम्मंच ऑइल बदलतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून थोड्या अंतराने पुन्हा एकदा करायचं. ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचंच हवं. ‘सगळ्याला चालतं’ असं सांगून दिलेलं नको. पातळी ठरलेल्या तापमानालाच तपासायची असते, थंड गाडीत नव्हे.

ऑइल काढताना तिथे उभ्या राहा. खालच्या तबकातल्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असणं स्वाभाविक आहे. धातूचे चकचकीत तुकडे किंवा करपलेला वास असेल तर गॅरेजचा इशारा गंभीरपणे घ्यायचा. ऑइल गुलाबी दुधासारखं निघालं तर रेडिएटरमधलं पाणी आत शिरलं आहे. गाडी त्याच जागी थांबवा.

गिअरबॉक्स खरोखर थकल्याची चिन्हं वेगळी असतात. गिअर बदलताना फेरे वर जातात आणि वेग वाढत नाही. डी किंवा आर टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद जागची हलत नाही. किंवा गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, म्हणजे स्वतःला वाचवण्याच्या पवित्र्यात जाते. तेव्हाही सगळाच गिअरबॉक्स बदलावा लागतो असं नाही. कित्येकदा दोष ऑइलचा दाब वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीत किंवा तिच्यातल्या एखाद्या सोलेनॉइडमध्ये (विजेवर चालणाऱ्या झडपेत) निघतो, आणि ते गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतं.

वेगळ्या प्रकारची गाडी असलेल्या वाचकांसाठी थोडक्यात. एएमटीमध्ये (साध्या गिअरबॉक्सचे गिअर यंत्र आपोआप बदलतं अशी गाडी) गिअर बदलताना क्षणभर खंड पडणं स्वाभाविक आहे. त्या क्षणी पाय किंचित सैल केला तर गचका कमी होतो. ड्युअल क्लचच्या गाड्या, विशेषतः कोरड्या क्लचच्या, गर्दीत मुंगीच्या पावलाने सरकताना तापतात आणि थरथरतात. पुढच्या गाडीत थोडं अंतर पडू द्यावं आणि चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवू नये. सीव्हीटीत (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) तिच्या प्रतीचंच ऑइल हवं, त्यात तडजोड नाही. साध्या गिअरच्या गाडीत क्लच सोडताना निघतानाच थरथर येत असेल तर क्लच प्लेट आणि माउंटिंग बघा. जोरात पिकअप घेताना गाडी डुलत असेल आणि पाय काढताच शांत होत असेल तर ॲक्सलचा आतला जॉइंट तपासा. पूर्ण वळवताना कटकट आवाज आला तर बाहेरचा.

आता तुमच्या हातातल्या वाटा. आजच गिअरबॉक्स उघडणं ही सगळ्यात महागडी आणि मागे न फिरवता येणारी वाट आहे, म्हणून ती सगळ्यात शेवटी. आधी प्लग आणि कॉइल, त्यासोबत अर्थिंग, माउंटिंग आणि चाकं. मग ऑइल. मग स्कॅनर लावून फेरी. दुरुस्त्या एका दमात करू नका; प्रत्येकीनंतर काही दिवस गाडी चालवा, म्हणजे कशाने काय बदललं ते कळेल. इंजिनाचा दिवा पुन्हा लुकलुकला तर पाय हलका करा, सुरक्षित जागी गाडी थांबवा आणि तशी ती पुढे रेटू नका. मिसिंगचा निकाल लागेपर्यंत आईंना घेऊन लांबचा प्रवास दुसऱ्या वाहनाने करा. तेवढे दिवस ती धास्ती तुमच्या डोक्यावर नको.

गॅरेजशी भांडायची गरज नाही. एकच प्रश्न शांतपणे विचारा: ‘कोणत्या तपासणीवरून?’ कोड, आकडे, ऑइलचा रंग, तबकातले कण, यांपैकी काहीतरी त्याने दाखवलं पाहिजे. दाखवलं तर त्याच्यावर विश्वास ठेवा, आणि नाही दाखवलं तर गाडी दुसऱ्या ठिकाणी न्या. तिथे आधीच्या गॅरेजचं मत सांगू नका, फक्त लक्षणं सांगा.

विकायची असेल तर जरूर विका, नऊ वर्षांची गाडी विकण्यात गैर काही नाही. पण ‘कुणाला काही न सांगता’ हे पत्रातून काढून टाका. घेणाराही कदाचित आपल्या आईला त्याच गाडीत बसवणार आहे. शिवाय ‘गिअरबॉक्सचं काहीतरी आहे’ अशा गाडीला कुणी भाव देत नाही. ‘प्लग, कॉइल बदलल्या, ऑइल बदललं, ही बिलं’ असं म्हणता आलं तर तुम्हीच त्या सौद्यात ताठ बसाल.

आणि एवढं करूनही दोष टॉर्क कन्व्हर्टरच्या क्लचमध्येच निघाला, तर काम देताना दोन गोष्टी लिहून घ्या. कन्व्हर्टर जुना परत बसवायचा नाही. आणि गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा कूलर व त्याच्या नळ्या साफ करायच्या किंवा बदलायच्या, नाहीतर जुन्या झिजेचे कण त्याच वाटेने दुरुस्त केलेल्या गिअरबॉक्समध्ये जातात.